शिवलीलाचं पोट

शिवलीलाच्या पोटाचा निकाल रोज सकाळी सगळ्या घरादेखत लागायचा.

संडासाच्या भांड्याला केंद्रातल्या लोकांनी साबणाच्या वडीएवढं एक पांढरं यंत्र बसवून दिलं होतं. ती हातपाय धुऊन बाहेर यायच्या आत ते आपलं तपासून मोकळं व्हायचं आणि स्वयंपाकघरातल्या पडद्यावर अक्षरं उमटायची. नुसती अक्षरं असती तरी चाललं असतं. पण अव्वाला, म्हणजे तिच्या आईला, आता बारीक दिसत नव्हतं, म्हणून धाकट्या भावाने, मल्लिनाथने, त्याला आवाज लावून ठेवला होता. तोही कसा, आकाशवाणीवरच्या बाईसारखा गोड.

“दात्याचं पोट आज उत्तम आहे. चोथा किंचित कमी. ज्वारी वाढवावी.”

चहाचे घोट घेत सगळे ऐकायचे. मल्लिनाथ मान डोलवायचा. त्याची बायको प्रणिता लगेच अर्धी भाकरी जास्त थापायला घ्यायची. “बाई गं, लग्नाच्या वेळी माझी पत्रिकासुद्धा एवढी कुणी वाचली नव्हती,” असं शिवलीला सुरुवातीला म्हणायची आणि घर खोखो हसायचं. आता वर्ष उलटून गेलं होतं. ती म्हणायची थांबली होती आणि बाकीच्यांनाही हसायचं राहिलं नव्हतं.

वागदरीकरांचं घर सोलापुरात, बाळीवेशीत. खाली शेंगाचटणीचा कारखाना आणि वर माणसं. कारखाना म्हणजे काय, भाजायच्या दोन भट्ट्या आणि एक कांडपयंत्र. भाजलेले दाणे, लसूण, तिखट, जिरं, मीठ यंत्रात पडायचं आणि दाण्याला तेल सुटेपर्यंत ते धाडधाड कांडत राहायचं. जिन्याच्या कठड्याला, दाराच्या कडीला, वाळत घातलेल्या कपड्यांना, सगळ्याला त्या कुटाचा बारीक थर. दोन पिढ्या या वासात वाढल्या. आणि अशा घरात चिनू जन्माला आली, जिला दाण्याचा कणसुद्धा चालत नव्हता.

“एवढं मोठं सोलापूर पडलं होतं देवाला, नेमकी आमच्याच घरात टाकली पोरगी,” असं अव्वा म्हणायची.

चिनू म्हणजे चिन्मयी, मल्लिनाथची एकुलती एक. ती तीन वर्षांची असताना प्रणिताची एक मावशी भेटायला आली. चटणी-भाकरी खाऊन, हात स्वच्छ धुऊन मावशीने लाडाने तिचा पापा घेतला. तेवढंच. पोरीचे ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, श्वास शिट्टी वाजल्यासारखा यायला लागला. प्रणिताने हंबरडा फोडला, मल्लिनाथ गाडीची किल्ली शोधत बसला आणि शिवलीलाने पोरीला उचलून शेजाऱ्याच्या स्कूटरवर उडी मारली. दवाखान्यात सुई टोचेपर्यंत चिनू तिच्या मांडीवर निळी पडत होती. तो रंग शिवलीला कधी विसरली नाही. त्यानंतर चिनूची खोली वेगळी झाली, तिला दुहेरी दारं लागली आणि हवा गाळणारे पंखे आले. “कारखानाच हलवा की इथनं,” असं डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं. पण गिऱ्हाईक बाळीवेशीतल्या दुकानालाच ओळखतं, असं म्हणून मल्लिनाथने तो विषय टाळला.

पोरगी काही जगावेगळी नव्हती. त्या वर्षांत प्रत्येक वर्गात अशी चार-पाच मुलं असायचीच. कुणाला दूध सोसत नव्हतं, कुणाला गहू, कुणाला अंडं, एकाला तर तीळ. संक्रांतीला शाळा बंद ठेवायची पाळी आली होती. दोष दाण्याचा नाही, पोटाचा आहे, एवढं तोवर सगळ्यांना कळून चुकलं होतं.

ते पोटाचं प्रकरण डॉक्टर बागवान बाईंनी वागदरीकरांना नीट समजावून सांगितलं. या बाई होटगी रोडवरच्या पोट-केंद्रात बसायच्या. स्वतः शीर-कुर्म्याच्या शौकीन, त्यामुळे बोलण्यात सारखे खायचे दाखले.

“आपल्या आतड्यात कोट्यवधी जिवाणू राहतात. फुकटे नाहीत हं ते, भाडं भरतात. आपल्याला पचत नाही तो चोथा ते खातात आणि त्यातून एक आम्ल बनवतात, ब्युटिरेट नावाचं. त्या आम्लावर आतड्याचं अस्तर पोसलं जातं. ते अस्तर धड असलं की अर्धवट पचलेलं अन्न रक्ताकडे झिरपत नाही. दुसरं म्हणजे शरीराचे पहारेकरी, रोगाशी लढणाऱ्या पेशी, त्यांची शिकवणी याच आतड्यात होते. हा चोर, हा पाव्हणा, हे त्यांना हे जिवाणूच शिकवतात. चिनूच्या पोटात शिकवणारे मास्तरच शिल्लक नाहीत. मग पहारेकरी दाण्याला दरोडेखोर समजतात आणि सगळं घर पेटवून देतात. तो सूज आणि गांधींचा तमाशा त्यांचा असतो, दाण्याचा नव्हे.”

“मग मास्तर आणायचे कुठनं?” मल्लिनाथने विचारलं.

“विरजण लावायचं. दुसऱ्याच्या पोटातलं.”

प्रणिताने तोंडाला पदर लावला. तसा अर्थ साधाच होता. निरोगी माणसाच्या शौचातून जिवाणू वेगळे काढायचे, धुऊन, गाळून, गोठवून कॅप्सूलमध्ये भरायचे आणि पोरीला द्यायचे. एकदा देऊन भागत नाही. नवीन जागी ते रुजेपर्यंत महिन्याच्या महिन्याला ताजी भर घालावी लागते आणि ती एकाच दात्याची असावी लागते, नाहीतर आतले नि बाहेरचे एकमेकांत भांडतात. आणि दाता शक्यतो घरातलाच हवा, कारण त्याच पाण्यावर नि त्याच धान्यावर पोसलेले जिवाणू लवकर रुळतात.

घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली. मल्लिनाथचं पोट म्हणजे उन्हाळ्यातलं माळरान. प्रणिताचं त्याहून थोडं बरं. अव्वाचं वयाने थकलेलं. आणि शिवलीलाचा अहवाल आला तेव्हा बागवान बाई खुर्चीतून उठल्याच.

“अहो, हे जंगल आहे! असं पोट मी शहरात पाहिलेलंच नाही. लहानपणी अँटिबायोटिक घेतलीच नाहीत वाटतं तुम्ही?”

शिवलीलाला हसू आलं. घेणार कुठून? मल्लिनाथ शिंकला की त्याला रिक्षात घालून डॉक्टरकडे न्यायचे, सुई टोचायचे, रंगीत गोळ्या आणायचे. तिचा कान महिनाभर वाहत होता तेव्हा लसणीचं तेल घातलं. ताप आला तर हळद-दूध देऊन गोधडीत गुंडाळून ठेवलं. “पोरीची जात आहे, होईल बरी,” असं अव्वा म्हणायची, आणि ती आपली बरी होत गेली. कुणी दवाखान्याची पायरी चढवली नाही म्हणून तिचं पोट शाबूत राहिलं होतं. ज्याला जिवापाड जपलं त्याचं धुऊन निघालं होतं. त्या खोलीत हे सगळ्यांना कळलं. अव्वा खिडकीबाहेर बघत बसली.

शिवलीलाचा नवरा लग्नानंतर दोन वर्षांतच गेला होता. तेव्हापासून ती माहेरी होती, खाली चटणीची पाकिटं भरायची. त्या महिन्यात मात्र तिला कलबुर्गीच्या एका मुलींच्या वसतिगृहात रेक्टरची नोकरी लागली होती. स्वतंत्र खोली, स्वतःच्या नावाची पाटी. ट्रंक भरून दाराशी ठेवलेली होती. अहवाल आला आणि ट्रंक परत माळ्यावर गेली. “अक्का, तू नाही म्हणालीस तर मी समजू शकतो,” असं मल्लिनाथ म्हणाला खरा, पण हे म्हणताना त्याने चिनूला कडेवर घेतलं होतं.

ती हो म्हणाली. कुणी गळ घातली म्हणून नाही, चिनूवर तिचा जीव होता म्हणून. हे स्वच्छ सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

मग तिच्या पोटाची बडदास्त सुरू झाली. बाहेरचं खायचं नाही. हॉटेलचा चहासुद्धा नाही. मैदा, साखर, डब्यातलं काही नाही. कडक भाकरी, अख्खी कडधान्यं, शिळ्या भाकरीचा ताकातला काला, पालेभाजी. परगावी जायचं नाही, कारण पाणी बदलतं. आणि सगळ्यात मोठी अट अशी की अँटिबायोटिक घ्यायचं नाही. एका गोळीने ते सगळं जंगल पेटलं असतं.

ज्या बाईला जेवलीस का म्हणून कुणी विचारत नव्हतं, तिच्या ताटात आता चौघांचे डोळे. लग्नात तिने जिलेबीकडे हात नेला तर प्रणिता लांबून हाक मारायची, “वन्सं!” शेजारीपाजारी तिच्या पाया पडायचे. एक बाई तर आपल्या नातवासाठी “थोडं विरजण” मागायला वाटी घेऊन आली होती. शिवलीलाला हसावं की रडावं कळेना. तिचं डोकं दुखतं का, तिला झोप येते का, हे मात्र कुणी विचारत नव्हतं. ते पडद्यावर येत नव्हतं ना! ती दमली होती. हे दमणं कामाचं नव्हतं. रोज आपलं पोट दुसऱ्यासाठी सांभाळायचं, जसं शेजाऱ्याचं काचेचं सामान डोक्यावर घेऊन चालायचं आणि खाली मात्र कधी ठेवायचं नाही, तसं ते होतं.

पण गुण येत होता. चिनूच्या रक्ताचे आकडे उतरत होते. दिवाळीनंतर घरच्या एका लग्नात ती नऊ वर्षांची पोर आयुष्यात पहिल्यांदा पंगतीला बसली. शेजारच्या पानात चटणी होती आणि चिनू नुसती शिंकली. शिवलीला ताटकळत उभी होती, हातात सुई तयार. जेवण उरकून चिनू तिच्याकडे धावत आली, “आत्या, माझ्या शेजारी एक मुलगी बसली होती. तिने तिचं नावपण सांगितलं मला!” शिवलीलाने तिथेच बसकण मारली आणि पदरात तोंड घालून रडून घेतलं. त्या दिवशी तिला वर्षभराचं सगळं भरून पावल्यासारखं वाटलं.

शेवटची भर तेवढी राहिली होती. पुढच्या सोमवारी नमुना घ्यायचा, त्याच्या कॅप्सूल द्यायच्या, मग पोरीचं पोट स्वतःच्या पायावर उभं राहील, असं बागवान बाईंनी सांगितलं होतं.

आणि त्याच्या आधीच्या बुधवारी शिवलीलाला थंडी वाजून ताप भरला.

दोन दिवस लघवीला जळजळत होतंच, तिने अंगावर काढलं होतं. आता उजव्या कुशीत असं दुखायला लागलं की सरळ उभं राहवेना. बागवान बाईंनी तपासलं आणि त्यांचा चेहराच बदलला.

“मूत्रपिंडाला संसर्ग झालाय. आज अँटिबायोटिक सुरू करायचं.”

“सोमवारपर्यंत नाही का थांबता येणार?” हे मल्लिनाथने विचारलं.

“सोमवारपर्यंत हे विष रक्तात उतरू शकतं. माणूस जातो अशाने.” बाईंनी चष्मा काढला आणि शिवलीलाकडे पाहिलं. “मी चिनूची पण डॉक्टर आहे. तरीसुद्धा सांगते, गोळी घ्या. शेवटची भर चुकली तर पोरीचं बस्तान बसेल किंवा बसणार नाही, मला खात्री देता येत नाही. पण तुमचं काय होईल ते मला दिसतंय. जबरदस्ती मात्र करता येत नाही, निर्णय तुमचा.”

त्या काळात अँटिबायोटिक वाण्याकडच्या खोबऱ्यासारखं मिळत नव्हतं. प्रत्येक गोळी अंगठा उमटवून घ्यावी लागायची. शिवलीलाने अंगठा पुढे केला नाही.

परत येताना मल्लिनाथ गाडीत बोलत होता. “अक्का, तुला काही झालेलं मला चालेल का? पण चारच दिवसांचा प्रश्न आहे. काढा घे, भरपूर पाणी पी. तुझी प्रकृती पहिल्यापासून दणकट आहे. लहानपणी बघ, तुला कधी काही झालंच नाही.”

“झालं होतं रे. तुम्हाला कुणाला कळलं नव्हतं,” शिवलीला म्हणाली. मल्लिनाथला गाडी वळवायची होती, त्याने ऐकलं नाही.

घरी आल्यावर ती चिनूच्या खोलीत जाऊन पडली. पोरगी अभ्यास टाकून तिच्या कपाळावर हात ठेवून बसली.

“आत्या, तुझ्या पोटातल्या मास्तरांना पण ताप आलाय का?”

“त्यांना काय धाड भरलीय? बसलेत आरामात.”

“मग तू औषध घेतलंस तर ते मरतील ना? बाबा म्हणाला.”

शिवलीलाने तिला जवळ ओढलं. पोरीच्या केसांना खोबरेल तेलाचा वास होता. तिला तो निळा रंग आठवला. नाही, सोमवारपर्यंत कसंही करून काढायचं, तिने ठरवून टाकलं. कुणी सांगितलं म्हणून नाही. आपण सुरू केलेलं काम आहे, आपणच संपवायचं. इतकी दमलेली असूनही त्या ठरवण्याने तिला बरं वाटलं, कारण आयुष्यात फार थोड्या गोष्टी तिने स्वतः ठरवल्या होत्या.

गुरुवारी ताप चढला. दातावर दात आपटायला लागले. प्रणिता पाण्याच्या पट्ट्या ठेवत होती आणि दर तासाला, “वन्सं, बरं वाटालंय ना?” असं विचारत होती. तिला हो ऐकायचं होतं, म्हणून शिवलीला हो म्हणायची. अव्वा नुसती खाटेच्या पायथ्याशी भिंतीला टेकून बसून होती. दुपारी उठली, हाताने चाचपत स्वयंपाकघरात गेली आणि वाटीत काहीतरी कालवून घेऊन आली.

“गूळ-तूप आहे. तोंड उघड.”

“साखर-गूळ नको म्हटलंय ना अव्वा.”

“चाटणभर गुळाने काही होत नाही. उघड.”

गूळ कडू लागला. तापात सगळंच कडू लागतं, म्हणून शिवलीलाने गिळून टाकला. संध्याकाळी पुन्हा वाटी आली. शुक्रवारी सकाळीही आली. आणि शुक्रवारी दुपारी ताप चक्क उतरला. तिला घाम फुटला, भूक लागली, ती उठून बसली. मल्लिनाथने खाली कामगारांना पेढे वाटले. “मी म्हटलं नव्हतं? अक्का म्हणजे लोखंड आहे!”

शनिवारी सकाळी सगळे चहाला बसले होते. शिवलीला हातपाय धुऊन आली. गोड आवाज बोलला.

“दात्याच्या पोटात प्रतिजैविकाचा अंश आढळला आहे. जिवाणूंचे उपयुक्त गट मोठ्या प्रमाणात नष्ट. नमुना बाद. दाता बाद.”

कुणी कप खाली ठेवला नाही, कुणी उचललाही नाही. मग मल्लिनाथ एकदम उठला, त्याची खुर्ची मागे पडली.

“घेतलीस? अक्का, गोळी घेतलीस तू?”

“मी? नाही रे.”

“यंत्र खोटं बोलालंय का मग? घ्यायची होती तर बुधवारीच केंद्रात घ्यायचीस, तोंडावर सांगायचं होतंस! आम्हाला आशेला लावून, चोरून... माझ्या पोरीच्या जिवाशी खेळलीस तू!”

“मल्लू, मी घेतली नाही. शपथ.”

“कुणाची शपथ घेतीस? चिनूची?”

प्रणिता हुंदके द्यायला लागली. शिवलीला भिंतीला धरून उभी होती. वर्षभर ती भाकरी नि कालाच खात होती. कुशीतली कळ अजून गेली नव्हती. आणि तिचा भाऊ तिच्याकडे असा बघत होता, जशी ती घरात शिरलेली कुणी चोरटी आहे.

“मी दिल्या,” असं अव्वा म्हणाली.

ती जमिनीवर बसून लसूण सोलत होती. हात थांबवला नाही.

“काय दिल्या?”

“गोळ्या. मल्लू, तुझ्या घशाला आणलेल्या. बरं वाटलं म्हणून तू मधेच सोडल्या आणि फ्रीजच्या दारात ठेवल्यास. तीन उरल्या होत्या. फोडून गुळात घातल्या, तुला लहानपणी घालायची तशा.”

“अव्वा! तुला कळतंय का तू काय केलंस?” मल्लिनाथचा आवाज फाटला. “चिनूचं काय होणार आता? तुझी नात नाही का ती?”

“आहे की. तुझी लेक तुला, माझी मला.”

एवढं बोलून ती पुढची पाकळी सोलायला लागली. मल्लिनाथ जिना उतरून खाली गेला. थोड्या वेळाने खालचं कांडपयंत्र बंद झाल्याचं कळलं. इतकी शांतता त्या घरात कधी नव्हती.

बागवान बाईंनी ऐकलं आणि कपाळावर हात मारला. तीन गोळ्यांनी संसर्ग मेला नव्हता, नुसता दबला होता. अर्धवट औषधाने रोगाचे जिवाणू माजतात, ताप पुन्हा उसळणार होता आणि दुप्पट जोराने. जंगल तर जळालंच होतं. “म्हणजे दोन्हीकडून नुकसान,” त्या म्हणाल्या. “आता तरी अंगठा उमटवा. पूर्ण दहा दिवसांचं औषध. एकही गोळी चुकवायची नाही, आणि उरलेली कुणाच्या फ्रीजमध्ये ठेवायची नाही.”

शिवलीलाने अंगठा उमटवला. राखायला आता काही उरलंच नव्हतं. तिचं पोट पुन्हा तसं भरायला निदान दोन वर्षं लागली असती, आणि तरी ते पहिल्यासारखं झालं असतं असं नाही.

“आणि पोरीचं?” तिने विचारलं.

“बरंच रुजलंय. पण टिकेल का, ते तिच्या रोजच्या हवेवर आहे. आधीच सांगितलं होतं, पुन्हा सांगते. ज्या घरात दाण्याची धूळ उडते तिथे त्या पहारेकऱ्यांना चैन पडणार नाही.”

हे मल्लिनाथला कुणी सांगायचं? शिवलीलाने सांगितलं. दुकानात सगळ्या कामगारांदेखत उभी राहिली आणि म्हणाली, “कांडप हलव. गावाबाहेर चिंचोळीला शेड घे, भाड्याने घे, काही कर. एवढे दिवस तुझ्या कारखान्याचा भार माझ्या पोटावर होता मल्लू. आता ते पोट राहिलं नाही.” मल्लिनाथ तिच्याशी बोलत नव्हता, तेव्हाही बोलला नाही. पण आठवडाभराने टेम्पो आला. चार माणसांनी यंत्र उचललं. जिन्याचा कठडा प्रणिताने सोड्याच्या पाण्याने घासून काढला, भिंतीचा खरा रंग हिरवा होता हे कुणाला ठाऊकच नव्हतं. चिनू दुहेरी दार उघडून बाहेर येऊन बघत होती.

“आत्या, तुझं पोट संपलं?”

“संपलं गं बाई.”

“मग तू आता कुणाची?”

शिवलीलाला या प्रश्नाचं हसू आलं आणि वाईटही वाटलं. “तुझी आत्या आहे ना? ते काय पोटावर अवलंबून आहे का?” असं म्हणून तिने पोरीच्या डोक्यावर टपली मारली. चिनूला ते पटलं. शिवलीलाला स्वतःला किती पटलं, ते तिलाच माहीत.

केंद्राचा माणूस येऊन संडासातलं यंत्र काढून घेऊन गेला. पडदा गप्प झाला. औषधाने तोंडाची चव गेली होती, पाय कापत होते, पण ताप हटला होता.

दुपारची वेळ होती. मल्लिनाथ नवीन शेडवर गेला होता, प्रणिता पोरीला आणायला शाळेत. स्वयंपाकघरात मायलेकी दोघीच होत्या. शिवलीलाच्या मनात इतके दिवस खदखदत होतं ते अखेर बाहेर आलं.

“अव्वा, मला विचारलं का नाहीस?”

“विचारलं असतं तर नको म्हणाली असतीस.”

“हो, म्हणाले असते! माझा जीव होता, मी ठरवलं होतं. पहिल्यांदा काहीतरी मी ठरवलं होतं. मल्लूने माझ्याकडून घेतलं तेव्हा निदान तोंडदेखलं विचारलं तरी. तू तर तेवढंही नाही. फसवून घातलंस मला. लहानपणी द्यायचं नाही म्हणून दिलं नाहीस, आता द्यायचं म्हणून दिलंस. दोन्ही वेळा तुझंच खरं. मी कुठे होते त्यात?”

तिचा आवाज चढला होता. आणि त्या रागाच्या खाली, तिला स्वतःलाच लाज वाटावी असा एक आनंदही होता. आपल्या आईने आपल्यासाठी चोरी केली याचा. त्या दोन्हींचं काय करायचं ते तिला कळत नव्हतं.

अव्वा नाही म्हणाली नाही, चुकलं म्हणाली नाही, डोळेही पुसले नाहीत. मग गुडघ्यावर हात टेकून उठली, चाचपत शेगडीपाशी गेली आणि तवा खाली उतरवून ठेवला.

“बरं,” ती म्हणाली. “आता विचारते. काय खाशील? सांग तुला काय पाहिजे ते, मी करते.”

शिवलीलाने तोंड उघडलं. वरण-भात म्हणावं, तर तो मल्लूच्या आवडीचा. शिरा म्हणावा, तर तो तिच्या नवऱ्याला लागायचा. भाकरी-काला केंद्राचा. ती आठवत राहिली. एवढ्या आयुष्यात हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता आणि तिनेही स्वतःला विचारला नव्हता. उत्तर कुठे ठेवलंय तेच तिला सापडेना. तिचे डोळे भरून आले.

“थांब जरा,” ती म्हणाली. “सांगते.”

अव्वा शेगडीपाशी पाटावर बसली आणि थांबली.